जागेपणी ना गं, ताई?

ताईच्या स्वप्नांचा घरातल्या सगळ्यांना जाच होता. इतरांना स्वप्नं पडतात आणि तोंड धुवेपर्यंत विरून जातात. ताईची तशी विरत नसत. तिच्या स्वप्नात कुणी हवेत उडत नसे की भिंतीतून जात नसे. माणसं कामाला जात, शिंकत, शर्टाचं बटण तुटलं म्हणून कुरकुरत. भांड्यांना नेमके त्याच जागी पोचे असत. मग सकाळी उठल्यावर कालचा दिवस कुठं संपला आणि झोप कुठं सुरू झाली, हे बिचारीला कळणार तरी कसं?

एकदा तिनं एका दातांच्या डॉक्टरला फोन करून चांगलंच झापलं होतं, की काल पाठवलेलं जबड्याचं माप फुटकं निघालं. त्यानं काहीच पाठवलं नव्हतं. एकदा निळ्या शालीसाठी आठवडाभर कपाटं उपसली, भावजयीशी अबोला धरला. निळी शाल त्या घरात कधी आलीच नव्हती.

म्हणून घरात एक रीतच पडून गेली होती. ताईनं काही सांगितलं, की धाकटा भाऊ मान तिरकी करून विचारायचा, "जागेपणी ना गं, ताई?" ती कधी हसायची, कधी हातातला मेणाचा गोळा त्याला फेकून मारायची.

हा प्रश्न त्यानं तिला शेवटचा विचारला, त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

भावाला सगळे बारक्या म्हणत. लहानपणी काडीसारखा होता म्हणून. आता त्रेपन्नाव्या वर्षी त्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत यायचं, पण नाव काही बदललं नाही. त्या रविवारी सकाळी तो आपली व्हॅन घेऊन आला, तीन जिने चढला आणि दारात उभा राहून धापा टाकू लागला.

"लिफ्ट लावा म्हणावं नव्या मालकाला," तो म्हणाला. "नाहीतर एक दिवस मलाच उचलून न्यावं लागेल."

"तू आता कशाला येणार आहेस इथं?" ताई म्हणाली. तिला ते साधंसं बोलायचं होतं, पण तोंडातून निघाल्यावर साधं वाटलं नाही.

जागा होती दोन खोल्यांची. कवळ्या बनवायची लॅब. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप, म्हणजे मऊ लगद्यात उमटवलेला ठसा, पाठवत. इथं त्यावरून प्लास्टरचा साचा व्हायचा, साच्यावर मेण चढायचं, मेणात एकेक दात बसायचा आणि शेवटी कवळी तयार होऊन डबीतून परत जायची. बाबांनी हे सुरू केलं, मग ताई आणि बारक्या दोघंही त्यात शिरले. चाळीस वर्षांची पांढरी पूड फरशीच्या फटीफटीत बसली होती. ताई आता एकसष्ट वर्षांची झाली होती आणि तिचा उजवा हात कापायला लागला होता. दोन वेळा दात तिरका बसून डॉक्टरांकडून कवळी परत आली, तेव्हा तिनं जागा द्यायचं ठरवलं. उद्या नवे लोक येऊन टेबलं आणि मोटर ताब्यात घेणार होते. आज फक्त आवराआवर.

बारक्यानं बाह्या सरसावल्या आणि खोकी भरायला लागला. फळीवरचे जुने साचे तो एकेक करून उतरवत होता. कुणाच्या कुणाच्या जबड्यांचे ते साचे, त्यातले निम्मे जबडे आता जगातच नसतील. तो ते हळू उचलत होता, वर्तमानपत्रात गुंडाळत होता. कचऱ्यातच जायचे होते, तरी गुंडाळत होता.

ताई ते बघत होती आणि तिला बघवत नव्हतं.

त्याचं कारण तिला ठाऊक होतं. बारक्याचा हात तिच्यापेक्षा चांगला होता. मेणात दात बसवायला तिला दोन तास लागत आणि झालेली कवळी बरी दिसे. बारक्या चाळीस मिनिटांत बसवायचा आणि ती कवळी कुठल्याही क्षणी काहीतरी बोलेल असं वाटायचं. बाबा मात्र दिवसभर त्याच्यावरच ओरडत. दात रांगेत हवेत, सैन्यासारखे, असा त्यांचा खाक्या. ताईवर ते ओरडत नसत. तिच्याकडे बघतच नसत म्हणा ना. पंधरा वर्षं तिनं प्लास्टर कालवलं, कडा घासल्या, डॉक्टरांची बोलणी खाल्ली, आणि बाबा तासन्‌तास बारक्याच्या खुर्चीमागे उभे राहून त्याला शिव्या देत. कुणाच्या मागे उभं राहायचं ते माणूस उगाच ठरवत नाही, एवढं तिला कळत होतं.

मग बाबा पडले. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. उजवं अंग गेलं आणि त्यांची स्वतःची कवळी फरशीवर आपटून तीन तुकडे झाली. हॉस्पिटलात नऊ दिवस होते. आयुष्यभर दात करणारा माणूस, पण बिनदाताचं तोंड त्यांनी बायकोलाही कधी दाखवलं नव्हतं. तिथं ते डाव्या हातानं टॉवेल तोंडावर धरून पडून राहायचे. जीभ जड झालेली, त्यात दात नाहीत. नऊ दिवसांत जेमतेम कळेल असा एकच शब्द त्यांनी उच्चारला, "टॉवेल".

ताई रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसायची. बारक्या लॅब सांभाळायचा आणि बाबांची नवी कवळी करत होता. बाबांच्या जबड्याचा साचा फळीवर होताच. सातव्या दिवशी, शुक्रवारी, तो साबणाच्या डबीत ओला कापूस घालून ती कवळी मेणातच घेऊन आला. बाबांना नुकता डोळा लागला होता, म्हणून व्हरांड्यात ताईलाच दाखवली.

वरचा डावा, पुढून दुसरा दात त्यानं जरासा वळवून शेजारच्यावर चढवला होता.

"हा वाकडा का लावलास?" ताई म्हणाली. "बाबा फेकून देतील तुझ्या अंगावर."

"बाबांचा खरा दात असाच होता. जुन्या फोटोत बघ. हसताना दिसतो." त्यानं डबी तिच्यापुढं केली. "आयुष्यभर लोकांचे दात सरळ केले त्यांनी. एकदा स्वतःचा परत मिळू दे की."

ताईनं डबी हातात घेतली. बाबा तरुण होऊन डबीतून तिच्याकडे बघून हसत होते. असं तिला कधी जमलं नसतं. तिनं झाकण लावलं आणि म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती गोष्ट घडली.

ती गोष्ट ताईला अजूनही जशीच्या तशी दिसे. ऊन पलंगाच्या लोखंडी पायापर्यंत आलेलं. बाबा उशीला टेकून बसलेले, टॉवेल मांडीवर. तोंडात नवी कवळी. त्यांनी ताईकडे बघितलं, पंधरा वर्षांत बघितलं नव्हतं तसं, आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "लॅब तू चालव. त्याच्या हाती देऊ नकोस. त्याला हात नाही." बोलताना तो वाकडा दात ओठाखालून डोकावत होता.

रविवारी सकाळी बाबा गेले.

तीन दिवसांनी ताईनं बारक्याला लॅबमध्ये बसवून ते सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग जुन्या सवयीनं म्हणा, किंवा बुडत्या माणसानं हात मारावा तसं म्हणा, त्यानं विचारलं, "जागेपणी ना गं, ताई?"

ताई भडकली. "बाबांना जाऊन तीन दिवस नाही झाले आणि तुला थट्टा सुचते? या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"चुकलो," बारक्या म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "स्पष्ट म्हणाले?"

"अगदी स्पष्ट."

पुढच्या आठवड्यात तो औषधांची खोकी पोचवणाऱ्या व्हॅनवर ड्रायव्हर म्हणून लागला. त्याचा ॲप्रन लॅबमधल्या खुंटीवर वर्षभर लटकत होता, मग ताईनं त्याची फडकी केली. भांडण नाही, तंटा नाही. घरी येणंजाणं होतं, जेवणंखाणं होतं. फक्त एक गोष्ट भावजय हसत हसत सगळ्यांना सांगायची, की हा माणूस घरात साधी पोरीची पेन्सिलसुद्धा टोकत नाही, म्हणतो माझ्या हाताला नाही जमत. सगळे हसायचे. ताईही हसायची आणि घरी आल्यावर तिला जेवण जात नसे. बाबांचा शब्द पाळला, आपला काय दोष, असं ती स्वतःला समजावायची. अठरा वर्षं समजावत होती. दोष नसता तर एवढं समजावावं लागलं असतं का, हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नाही.

"ताई, हा फ्लास्क इथं काय करतोय?"

आतल्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक पितळी डबा लावून ठेवलेला होता. कारागीर त्याला फ्लास्क म्हणतात. दोन अर्धुकांचा, मुठीहून मोठा, आत प्लास्टर भरल्यावर चांगला वजनदार. त्यातच साच्याच्या पोटात कवळी शिजते.

"तो जाम झालेला आहे," ताई म्हणाली. "तू गेल्यावर मागच्या फळीवर सापडला. स्क्रू फिरेना, म्हणून दाराला लावला. रोज अंगठा ठेचतो माझा त्याच्यावर."

बारक्यानं तो उचलून उजेडात धरला. झाकणावरची पूड अंगठ्यानं पुसली. खाली चाकूच्या टोकानं कोरलेलं एक अक्षर होतं. कुणाची कवळी कुठल्या फ्लास्कमध्ये आहे ते कळावं म्हणून ते तसं कोरत.

"बा," त्यानं वाचलं. "अगं, हा बाबांचा फ्लास्क."

"कसला बाबांचा?"

"त्यांच्या नव्या कवळीचा. मी उघडलाच नाही." तो स्टुलावर बसला. "त्या सकाळी उकळत्या पाण्यातून काढून गार करायला ठेवला आणि तुझा फोन आला. तसाच धावलो. नंतर उघडायचा धीर नाही झाला. मागे सारून दिला. मला वाटलं, कधीतरी तूच टाकून दिला असशील."

ताईला त्याचं बोलणं ऐकू येत होतं आणि समजत नव्हतं. "कुठल्या सकाळी?"

"रविवारी. बाबा गेले त्या सकाळी."

"मग शनिवारी त्यांनी कुठली घातली होती?"

"शनिवारी?" बारक्या हसला. "शनिवारी ती प्लास्टरात होती. मेण काढून त्याच्या जागी हिरडीचा गुलाबी मसाला मी रात्री भरला. घालतील कशी?"

त्यानं पाना घेतला. स्क्रू कुरकुरला, मग फिरला. लाकडी हातोडीचे दोन ठोके बसताच फ्लास्कची अर्धुकं सुटली. बारक्या चाकूनं प्लास्टर कोरू लागला आणि ताई त्याच्या हातांकडे बघत राहिली. व्हॅनचं स्टिअरिंग धरून धरून जाड झालेली ती बोटं प्लास्टरमध्ये शिरली आणि त्यांना सगळं आठवलं. कुठं जोर द्यायचा, कुठं नुसतं टोकायचं, दाताच्या कडेला आल्यावर चाकू कसा आडवा करायचा. तुकडे टेबलावर पडत गेले. मग गुलाबी हिरडी दिसली. त्यानं कवळी नळाखाली धरली, ब्रशनं घासली आणि तिच्यासमोर ठेवली.

वरचा डावा, पुढून दुसरा दात वळून शेजारच्यावर चढलेला होता.

हा दात तिनं बाबांच्या तोंडात बघितला होता. शपथेवर सांगितलं असतं. हा दात ओठाखालून डोकावत होता आणि बाबा म्हणत होते, त्याला हात नाही. आणि हा दात कधी बाबांच्या तोंडात गेलाच नव्हता. अठरा वर्षं तो या दाराशी पडून होता आणि रोज तिच्या पायाला लागत होता.

तिनं स्वतःला विचारून बघितलं. खुर्ची होती. दुपार होती. आठ दिवसांचं जागरण होतं. शनिवारी सकाळी आपण आंघोळीला घरी गेलो तेव्हा बारक्यानं रातोरात शिजवलेली कवळी आणून बसवून दिली असणार, असं ती धरून चालली होती. बाबांना अखेरचं बघितलं तेव्हा त्यांच्या हनुवटीवरून फडकं बांधलेलं होतं, तोंड दिसलंच नव्हतं. तिला डुलकी लागली असणार. बाकी सगळं तिच्या डोक्यानं नेहमीसारखं नीटनेटकं रचलं, पोच्यांसकट.

आणि वाक्यं? ती कुणी रचली?

इथं मात्र तिला पळता येईना. ती वाक्यं तिचीच होती. आदल्या दिवशी व्हरांड्यात डबीचं झाकण लावताना ती तिच्या पोटात होती. बाबांनी एकदा आपल्याकडे बघावं आणि एवढंच म्हणावं, हे तिला पंधरा वर्षं हवं होतं. निळ्या शालीचं स्वप्न कुणालाही पडेल. हे स्वप्न दुसऱ्या कुणाला पडलं नसतं.

"काय गं? बरं वाटत नाही का?" बारक्या उठला. "पाणी देऊ?"

बोलायचं नाही, असंही करता आलं असतं. उद्या जागा जाणार होती. तो व्हॅन घेऊन घरी जाईल, जेवेल, झोपेल. त्याला काय फरक पडणार होता, आणि आता सांगून होणार तरी काय होतं? ताईनं हे सगळं एका क्षणात मनाशी मांडलं आणि तिला स्वतःची किळस आली.

"बस," ती म्हणाली. "बारक्या, बाबा तसं काही म्हणाले नव्हते."

"कसं?"

"तुझ्याबद्दल. लॅबबद्दल. मी त्यांना बोलताना बघितलं तेव्हा त्यांच्या तोंडात ही कवळी होती. हाच दात होता. आणि तू म्हणतोस ती शनिवारी प्लास्टरात होती."

त्याला कळायला वेळ लागला. तो कवळीकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग पुन्हा कवळीकडे. मग भराभर बोलायला लागला. "असं कसं? बोलले असतील गं. दात नसतानाच बोलले असतील. दाताचं तेवढं तुझ्या डोक्यानं नंतर जोडलं. होतं असं. बाबा तसं बोलायचेच. रोज बोलायचे मला. तू जागीच असशील."

तो तिची समजूत काढत होता असं तिला आधी वाटलं. मग त्याचा आवाज ऐकून कळलं, तो विनवणी करत होता. तिनं 'हो' म्हणावं, दात स्वप्नातला आणि शब्द खरे असं म्हणावं, म्हणजे त्याची अठरा वर्षं निदान बापाच्या शब्दाखातर गेलेली ठरतील. वाट तोच काढून देत होता. तिला फक्त त्यावरून चालायचं होतं.

"नऊ दिवसांत ते फक्त टॉवेल म्हणाले," ताई म्हणाली. "तेही अर्धंच. मला हवं होतं म्हणून मला ते ऐकू आलं. तुझा हात चांगला होता. बाबांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं."

बाहेर जिन्यातून कुणीतरी भांडी घेऊन खाली उतरत होतं, त्यांचा खळखळाट तळमजल्यापर्यंत गेला.

"मी पोरीला पेन्सिल टोकून दिली नाही गं," तो म्हणाला. "कधीच नाही. ती घेऊन यायची आणि मी म्हणायचो, आईकडे जा."

ताईनं त्याचा हात धरायला आपला हात पुढे केला. तो कापत होता. तिनं मागे घेतला.

"आता तेवीसची झाली," बारक्या म्हणाला. "आता कुठं पेन्सिल वापरते?"

त्यानं कवळी उचलली. कडांना मसाल्याचे कंगोरे राहिले होते. सवयीनं तो उठून खिडकीपाशी गेला, जिथं घासायची मोटर असायची. मोटर सुटी करून, चादरीत बांधून ठेवलेली होती, वर नव्या मालकाच्या नावाची चिठ्ठी. तो तिच्यापुढं जरा वेळ उभा राहिला. मग त्यानं कवळी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली, मेण कोरायचा लहान चाकू टेबलावरून घेतला आणि दाराकडे निघाला.

दारात तो थांबला. पाठमोराच.

"त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, ताई."

"हो."

"तू चिडलीस."

"हो."

"आता पुन्हा विचारू?"

ताईला 'नको' म्हणायचं होतं. तिनं मान हलवली, पण तो बघत नव्हता, म्हणून तिला तोंडानंच बोलावं लागलं. "विचार."

"जागेपणी ना गं, ताई?"

"नाही रे," ती म्हणाली. "झोपेत."

त्यानं ऐकलं आणि तो जिना उतरायला लागला. एकेक पायरी, जड पावलांनी. आतल्या दाराखाली आता काही लावलेलं नव्हतं, म्हणून ते वाऱ्यानं सुटलं आणि आपटलं. ताई टेबलावरच्या प्लास्टरच्या तुकड्यांसमोर बसून व्हॅन सुरू व्हायची वाट बघत राहिली. व्हॅन बराच वेळ सुरू झाली नाही.